फोटोतला तिसरा माणूस

फोटो आला तेव्हा सिलान्तोईच्या हातात कुणाच्या तरी लघवीची बाटली होती. नैरोबीतल्या एका तपासणी लॅबमध्ये ती एकवीस वर्षं एकच काम करत होती: बाटलीवरचं नाव आणि कागदावरचं नाव ताडून बघायचं. जुळलं तर बाटली आत, नाही जुळलं तर बाहेर, आणि बाटलीवर नावच नसेल तर सरळ कचऱ्यात. कामात डोकं लागत नाही असं तिची बहीण म्हणायची. सिलान्तोईला ते पटायचं, म्हणूनच तर ते तिनं सोडलं नव्हतं. फोन टेबलावर थरथरला आणि तिनं हातमोज्याच्या बोटानंच तो उघडला. तीन माणसं. मध्ये खुर्चीवर एक गोरा वॉर्डन, गुडघ्यांवर हात ठेवून. उजवीकडे ताठ उभे असलेले तिचे वडील, खाकी कपड्यात, पायात मोठे काळे बूट. डावीकडे जमिनीवर बसलेला, हातात बेड्या घातलेला, खांद्यावरून चादर घसरलेला एक तरणा. त्याच्या पुढ्यात, गवतावर, गेंड्याचं शिंग. खाली म्वेंडे नावाच्या कुणा बाईचा निरोप होता: 'मॅडम, आपल्या पार्कला पंचेचाळीस वर्षं होतात. हा फोटो नव्या दालनात लावतोय. खालचा मजकूर असा: रेंजर लेकिशोन ओले नाम्पासो आणि वॉर्डनसाहेब, पकडलेल्या चोरट्या शिकाऱ्यासह, १९७७. शिकाऱ्याचं नाव अज्ञात. काही चूक असल्यास शनिवारच्या आत कळवावे. शनिवारी वडिलांचा सत्कार आहे.' सिलान्तोईनं फोन पालथा घातला आणि पुढच्या चाळीस-पन्नास बाटल्या हातावेगळ्या केल्या. जेवणाच्या सुट्टीत तिच्या लक्षात आलं की नाव लिहिलेल्या तीन धडधाकट बाटल्या तिनं कचऱ्यात टाकल्यात. एकवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बाटल्या उचलून, पुसून तिनं परत जागी ठेवल्या. भीती वाटली पाहिजे, असं तिला वाटलं. पण वाटली नाही.

तिला बऱ्याच गोष्टी वाटत नसत. आई गेली तेव्हा सगळे रडत होते आणि ही चुलीवरच्या चहाला उकळी आली का ते बघत होती. नवरा दुसऱ्या बाईकडे राहायला गेला तेव्हा तिनं त्याचे शर्ट घड्या घालून पिशवीत भरून दिले. तोच बिचारा दारात उभं राहून ओशाळला. बहीण तोंडावर म्हणायची, "तुझ्या छातीत काळीज आहे की नदीतला गोटा?" त्यावर सिलान्तोई म्हणायची, "गोटा असला तर बरंच की. गोट्याला औषध लागत नाही." ह्यात ती काही दुःख दाखवत नव्हती आणि लपवतही नव्हती. पाण्यात फार वेळ बुडवून ठेवलेल्या बोटांना जसं कापडही कापड वाटत नाही, तसं तिचं सगळं होतं. हे कधी सुरू झालं ते तिला नेमकं माहीत होतं. दिवससुद्धा माहीत होता. पण माहीत असणं आणि बोलणं ह्यात फार अंतर असतं, आणि तिच्या घरात तर ते अंतर रिवाजानंच घालून दिलेलं होतं.

आमच्यात, मसाईंत, मेलेल्याचं नाव घेत नाहीत. म्हातारा, नातवंडं-गुरं बघून गेलेला माणूस असला तर गोष्ट वेगळी. त्याचं नाव पुढं चालतं. पण तरणा गेला, मूलबाळ न होता गेला, तर पूर्वी त्याचं शरीर माळावर ठेवायचे आणि नाव पुरायचे. पुरायचे म्हणजे पुरायचेच. घरात त्या नावाचा दुसरा कुणी असला तर त्याला नवं नाव द्यायचे. सिलान्तोईच्या काकाच्या नावाचा अर्थ उंचीशी जुळणारा होता, म्हणून त्यांच्या घरात 'उंच' हा शब्दच बंद झाला. झाड उंच नसायचं, 'वर गेलेलं' असायचं. शाळेत बाईंनी डोंगराचं वर्णन करायला सांगितलं तेव्हा सिलान्तोई 'वर गेलेला डोंगर' म्हणाली आणि वर्ग हसला. तीही हसली. तेव्हा काका जाऊन वर्ष झालं होतं, तुरुंगात, तापानं. शरीरसुद्धा घरी आलं नव्हतं. फोटोत डावीकडे बसलेला तो तिचा काका होता. वडिलांचा सख्खा धाकटा भाऊ. त्याचं नाव ह्या गोष्टीतही यायचं नाही.

संध्याकाळी नैरोबीबाहेरच्या रोंगाईतल्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, वडील टीव्हीसमोर बसले होते. मोतीबिंदूनं त्यांना आता चित्र दिसत नसे, पण फुटबॉलचा गलका आवडायचा. तिनं चहा दिला, जवळजवळ नुसत्या दुधाचाच. मग फोटोचं सांगितलं, आणि खालचा मजकूर वाचून दाखवला.

"शाल देणार म्हणे तुम्हाला. शनिवारी."

"मी कुठला जातोय आता त्या धुरळ्यात. तू जा. शाल घे, चार माणसांत मान लववून घे, ये परत."

"त्यांनी विचारलंय, काही चूक आहे का."

वडिलांनी कप तोंडाला लावला. टीव्हीवर कुणीतरी गोल मारला असावा. "साल बरोबर आहे," ते म्हणाले. "माझं नाव बरोबर आहे. झालं तर मग."

"तिसऱ्याचं?"

"तिसऱ्याचं त्यांना माहीत नाही, असं ते म्हणतायत ना? मग त्यात चूक काय?" आणि आवाज खाली आणून, "सिलान, तोंड मिटून जा आणि तोंड मिटून ये. पुरलेलं उकरायचं काम तरसांचं असतं."

शनिवारी ती पहाटेच्या मटाटूनं, भाड्याच्या छोट्या बसनं, निघाली. खिडकीतून आधी सिमेंटची दुकानं गेली, मग हरितगृहांचं प्लॅस्टिक, मग नुसता माळ. गवत वाळून पार कुत्र्याच्या पाठीच्या रंगाचं झालं होतं. कधीतरी हाच रस्ता उलट्या दिशेनं धरून ती शाळेच्या पेटीसकट नैरोबीला गेली होती, आणि त्यानंतर पार्कात पाऊल म्हणून टाकलं नव्हतं. आई होती तोवर गेटबाहेरच्या वस्तीतूनच ती परत फिरायची. गेटावरच्या खिडकीत एका पोरसवदा कारकुनानं ओळखपत्र मागितलं, संगणकात काहीतरी बडवलं आणि विचारलं, "पहिलीच वेळ का, मॅडम, पार्क बघायची?" ती 'हो' म्हणाली. तिचा जन्म त्या खिडकीपासून दोन कोसांवर, दलदलीच्या काठच्या वस्तीत झाला होता. पण ती वस्ती पार्क झालं त्या वर्षीच उठवली, झोपड्यांची माती झाली, आणि आता तिथं हत्ती लोळतात. त्याला ते काय सांगायचं? त्यानं हातावर शिक्का मारला. पलीकडे एक सफारीची गाडी उभी होती, तिचा चालक टायरवर लाथा मारत म्हणाला, "या बाई, मसाईणीला सिंह दाखवायची वेळ आली, म्हणजे आता माशाला पाणीच दाखवायचं राहिलं." ती हसली. हसायला तिला कधीच अडचण येत नसे.

दालन गेटपासून चालत पाच मिनिटांवर होतं, पण वाटेत मणी विकणाऱ्या बायकांची रांग होती आणि रांगेत तिसरी नोलमोंगी होती. काकाची बायको. लग्नाला सात महिने झाले असताना तो गेला. आमच्यात विधवा दुसरं लग्न करत नाही, तेव्हा गेली बेचाळीस वर्षं ती त्याचीच बायको होती. तिच्यापुढं सिलान्तोईनं, एकोणपन्नास वर्षांच्या बाईनं, लहान पोरीसारखं डोकं वाकवलं. म्हातारीनं टाळूवर हात टेकवला. हात खरखरीत होता एवढं सिलान्तोईला कळलं.

"जाड झालीस," नोलमोंगी म्हणाली. "नैरोबीत चालत नाहीत वाटतं. तुझा बाप आहे का मेला?"

"आहे."

"असू दे. वाईट माणसं टिकाऊ असतात." हे तिनं मण्यात दोरा ओवता ओवता, अगदी साधेपणानं म्हटलं. मग दोरा दातानं तोडला. "त्या खोलीत आमच्या घरातल्या माणसाचा फोटो लावलाय म्हणतात. पाटीवर काय लिहिलंय गं? मला कुणी नीट सांगत नाही. पोरं वाचतात आणि गप्प बसतात."

सिलान्तोईनं सांगून टाकलं. खोटं सुचायला जो वेळ लागतो तेवढा तिनं घेतलाच नाही.

"चोर?" म्हातारीचे हात थांबले. "कुणाच्या गाई हाकून आणल्या असतील, मी नाही म्हणत नाही. गाई देवानं आपल्यालाच दिल्यात, त्याला कुणी चोरी म्हणत नाही. पण शिंग? शिंगाचं तो काय करणार होता? चहात घालणार होता? पोरी, तू तर बघितलंस. तू आणि तुझी बहीण त्या मेलेल्या गेंड्यावर चढून बसला होतात. होतं की नाही शिंग?"

होतं. सिलान्तोईच्या तळव्याला ते अजून आठवत होतं, नखासारखं, वर गुळगुळीत आणि बुडाशी केसाळ, उन्हानं तापलेलं. पार्क केलं तेव्हा सरकारनं सांगितलं होतं की दलदल जनावरांना सोडा, तुमच्या गुरांना बाहेर नळानं पाणी देऊ. नळ आले, पंपही आला, दोन वर्षं चालला. मग तेल नाही, मग सुटे भाग नाहीत, मग माणूस नाही. दुष्काळात गाई तारेच्या अलीकडे उभ्या राहून पलीकडच्या पाण्याचा वास घेत मेल्या. तेव्हा तरण्यांनी ठरवलं की सरकारला गाईचं दुःख कळत नसेल तर त्याच्या लाडक्या जनावराचं तरी कळेल. भाल्यांनी त्यांनी गेंडा मारला आणि होता तसा, शिंगासकट, रस्त्यात टाकून दिला, सगळ्यांनी बघावा म्हणून. दोन दिवस तो तिथं पडून होता. तिसऱ्या दिवशी वन्यजीव खात्याची गाडी आली, करवतीनं शिंग कापून घेऊन गेली. तोवर काका कोरड्या नदीतल्या झुडपात लपला होता आणि नोलमोंगी रोज सिलान्तोईच्या गळ्यात दुधाचा तुंबा अडकवून तिला तिकडे पाठवत होती. सात वर्षांच्या पोरीला कोण अडवणार?

"मी सांगते त्यांना," सिलान्तोई म्हणाली.

"नाव नको सांगू!" म्हातारीनं तिचं मनगट पकडलं. "झोपलाय तो. नाव काढलंस तर मान वळवून बघेल."

"मग तो अज्ञातच राहणार, काकू. नावाशिवाय त्यांच्या लेखी तो कुणीच नाही."

"ते मला काय विचारतेस, तू शिकलेली ना?" नोलमोंगीनं मनगट सोडलं आणि नवा दोरा घेतला. "चोर नको आणि नावही नको. बघ काय करतेस ते."

दालनात ओल्या रंगाचा वास होता. भिंतीवर क्रमानं सगळा इतिहास होता: पहिल्या साहेबांचे तंबू, मग मारलेल्या सिंहांवर पाय ठेवून उभे राहिलेले लोक, मग तेच लोक सिंहांना वाचवताना, नकाशे, तारा, गळ्यात पट्टा बांधलेली हत्तीण. शेवटच्या भिंतीवर तो फोटो, दाराएवढा मोठा केलेला. म्वेंडे तिशीची, तरतरीत, कांबा जमातीची मुलगी होती. तिच्या कमरेला टेप होती आणि शिडीवर एक माणूस अक्षरांचं प्लॅस्टिक चिकटवत होता. "बरं झालं आलात, मॅडम. पाहुणे दोनला येतील. कसा वाटतो फोटो? आमच्या डायरेक्टरांना तर सगळ्यात हाच आवडला. स्थानिक माणसानं आपल्या जनावरांच्या रक्षणासाठी केवढी हिंमत दाखवली!" सिलान्तोई फोटोसमोर उभी राहिली. इतका मोठा केल्यामुळे काकाचा चेहरा ठिपक्याठिपक्यांचा झाला होता, जवळ गेलं की नाहीसा व्हायचा. बूट मात्र स्पष्ट होते. वडिलांच्या बुटांची नाडी घोट्याभोवती दोनदा गुंडाळून बांधलेली दिसत होती. आणि तिथं, त्या ओल्या रंगाच्या वासात, तिला ती संध्याकाळ जशीच्या तशी आठवली. म्हणजे आठवायला ती कधी गेलेलीच नव्हती. वडील पार्कातून आले होते, झोपडीच्या दारात स्टुलावर बसले होते, आई आत चूल फुंकत होती. बुटांची नाडी सोडायचं काम सिलान्तोईचं होतं, आणि ते तिला फार आवडायचं, कारण साऱ्या वस्तीत तसले बूट फक्त तिच्या वडिलांकडे होते. त्या दिवशी वडील काही बोलत नव्हते. त्यांना हसवावं असं तिला वाटलं. एवढंच. हसवावं. म्हणून ती म्हणाली, "काका म्हणतो, तुमचे बूट हत्तीसारखे वाजतात! तुम्ही नदीवरून जाता तेव्हा तो काटेरी झुडपात बसून ऐकतो आणि त्याला हसू येतं." आतलं फुंकणं थांबलं. वडील खरंच हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. मग खाली वाकले, तिनं सोडलेली नाडी तिच्या हातातून घेतली आणि परत बांधली.

"मॅडम?" म्वेंडे विचारत होती. "मजकूर ठीक आहे ना?"

"नाही," सिलान्तोई म्हणाली.

तिचं स्वतःचंच तिला नवल वाटलं, पण तेही दुरून. तिनं सांगितलं, ते शिंग ह्या माणसानं कापलेलं नाही, तो लपल्यावर तिसऱ्या दिवशी खात्यानं कापलं, मी स्वतः त्या गेंड्यावर बसले होते. म्वेंडेचा चेहरा हळूहळू बदलला. तिनं शिडीवरच्या माणसाला थांबायची खूण केली.

"मग हा माणूस कोण? तुम्ही ओळखता? नाव सांगा, मी आत्ता घालते. अज्ञात लिहायला मलाही बरं वाटत नव्हतं हो."

"नाव सांगता येत नाही."

"आठवत नाही?"

"पुरलंय."

"आमच्याकडेही आजीच्या गावात असलं बरंच होतं," म्वेंडे म्हणाली. "पण पाटीला नाव लागतं. नावाशिवाय माणूस कसा लिहायचा?"

बाटलीवर नाव नसेल तर कचऱ्यात. सिलान्तोईनं एकवीस वर्षं दुसरं काही केलं नव्हतं. ती म्हणाली, "लिहा: रेंजर लेकिशोन ओले नाम्पासो, आणि त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. गेंडा पाण्यासाठी मारला. शिंग त्यानं कापलं नव्हतं. खाली लिहा, माहिती रेंजरच्या मुलीची."

"सख्खा?" म्वेंडेचा आवाज बारीक झाला. "मॅडम, आज त्यांचा सत्कार आहे. लोक येतील, वाचतील. वडिलांना काय वाटेल? उद्या डायरेक्टर मला उभं चिरतील."

"तुम्ही म्हणा, तिनं लिहून दिलं. द्या कागद."

तिनं लिहून दिलं, सही केली, ओळखपत्राचा नंबर घातला. शिडीवरच्या माणसानं 'चोरट्या शिकाऱ्यासह' ही अक्षरं नखानं एकेक करून सोलली. मागं भिंतीवर त्यांची फिकट छाप राहिली, ती त्यानं ओल्या फडक्यानं पुसली. सिलान्तोई नोलमोंगीला हाताला धरून आत घेऊन आली आणि तिला प्रत्येक शब्द दोनदा वाचून दाखवला. म्हातारी फोटोकडे बघत नव्हती. ती शिंगाकडे बघत होती. "धाकटा भाऊ," ती म्हणाली. "हं. हे चालेल. ह्यानं तो उठायचा नाही. उठायचाच असला तर तुझा बाप उठेल." आणि दुकानावर कुणी नाही म्हणून लगबगीनं निघून गेली.

सत्कार झाला. वडिलांच्या वतीनं तिनं शाल घेतली, मान लववली. डायरेक्टरांनी पाटी बहुतेक वाचली नसावी, किंवा वाचून गिळली. टाळ्या नेहमीसारख्या वाजल्या. मग ती बाहेर येऊन बाभळीखाली उभी राहिली. तारेपलीकडे झेब्रे चरत होते आणि त्यांच्यात कुणाच्या तरी चुकार चार गाई बिनदिक्कत चरत होत्या. तिनं घरी फोन लावला.

"झालं?" वडील म्हणाले.

"झालं. बाबा, मी पाटी बदलून घेतली." तिनं त्यांना ती वाचून दाखवली, थांबून थांबून, लॅबमधले कागद वाचतात तशी. पलीकडे टीव्हीचा आवाज होता, मग तो बंद झाला.

"नाव नाही ना घातलंस?"

"नाही."

"मग ठीक," ते म्हणाले. "कधीतरी व्हायचंच होतं. मी गेल्यावर केलं असतंस तर जास्त राग आला असता."

ते रागावले असते तर तिनं फोन ठेवून दिला असता. पण ते रागावले नाहीत, म्हणून बेचाळीस वर्षांत न काढलेला शब्द तिच्या तोंडातून निघाला. "बाबा, मी सांगितलं होतं तुम्हाला. झुडपाचं. मीच."

"तू?" वडील जवळजवळ हसले. "अगं वेडे, तेच घेऊन बसलीस की काय इतकी वर्षं? मला पाच दिवस आधीपासून ठाऊक होतं. रोज सकाळी तू गळ्यात तुंबा अडकवून नदीकडे जायचीस, मी काय आंधळा होतो? तेव्हा नव्हतो. मुद्दाम त्याच वाटेनं बूट आपटत जायचो, त्यानं ऐकावं आणि निघून जावं म्हणून. साहेबाला सांगत होतो, माहीत नाही, माहीत नाही. तो गाढव हलायला तयार नव्हता."

झेब्र्यांमधल्या एका गाईनं मान वर केली. सिलान्तोईच्या छातीत कुठेतरी काहीतरी सैल व्हायला लागलं होतं, एखादी गाठ पाण्यात भिजल्यावर सुटायला लागते तसं, आणि तिला वाटलं, आता इथंच थांबावं, पुढचं विचारू नये. तिनं विचारलं.

"मग त्या संध्याकाळी का गेलात?"

वडिलांना उत्तर शोधावं लागलं नाही. ते तयारच होतं.

"तू सांगितलंस ना," ते म्हणाले, अगदी मायेनं, लहान मुलीला समजवावं तसं. "तोवर मला माहीत नव्हतं असं म्हणता येत होतं. तू बोललीस, तुझ्या आईनं ऐकलं. लेकीनं तोंडावर सांगितल्यावर मी कसं म्हणू, मला माहीत नाही म्हणून? पण तुझा काय दोष त्यात? तू लहान होतीस."

फोन कानाला इतका घट्ट लागला होता की कान दुखत होता, आणि ते दुखणं तिला कळत होतं.

"सिलान?" वडील म्हणाले. "ठेवू का फोन?"

"नका ठेवू," ती म्हणाली.